डॉ. यर्सिन आणि प्लेगच्या जंतूची लोखंडाची भूक

सन १८९७ च्या मार्च महिन्यांत मुंबई शहर अर्धेंअधिक ओस पडलें होतें. मांडवीच्या वस्तींत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं आदल्या सप्टेंबरांत गांठीचा ताप, म्हणजेच प्लेग, ओळखला आणि तेव्हांपासून लोक मिळेल त्या वाटेनें गांवाकडे पळत होते. त्याच मार्चच्या १० तारखेस पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें निवर्तल्या, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. अशा त्या दिवसांत एक फ्रेंच डॉक्टर औषधाच्या कुप्या घेऊन मुंबईस येऊन पोंचले. वय तेहतीस, बोलणें मोजकें. ज्या जंतूनें मुंबईस हें दिवस दाखविले, त्याला सूक्ष्मदर्शकाखालीं निःसंदिग्धपणें ओळखणारे ते हेच गृहस्थ. त्यांचें नांव अलेक्सांद्र यर्सिन. मुंबईंत त्यांस यश आलें नाहीं. ती हकीकत पुढें येईल. त्या अपयशाच्या मुळाशीं असलेला शत्रु शरीरांत शिरल्यावर प्रथम काय शोधतो, हें कळावयास आणखी साठ वर्षें लागलीं. तो शोधतो लोखंड. म्हणून या चरित्रासोबत आम्हांस लोखंडाचीहि थोडी गोष्ट सांगावी लागणार आहे.

यर्सिन यांचा जन्म स्वित्झर्लंड देशांत ओबोन गांवाजवळ ता. २२ सप्टेंबर १८६३ रोजीं झाला. वडील बंदुकीच्या दारूच्या कारखान्यावरील अधिकारी. परंतु मन सारें किडेमुंग्यांच्या अभ्यासांत. मुलाच्या जन्माच्या कांहीं आठवडे आधींच ते मेंदूंतील रक्तस्रावानें वारले. विधवा आई मुलांस घेऊन मोर्ज या गांवीं गेली आणि तेथें मुलींची शाळा चालवून तिनें संसार ओढला. घराच्या माळ्यावर अलेक्सांद्राला वडिलांचा सूक्ष्मदर्शक सांपडला, असें सांगतात. या आईला ते परदेशांतून वर्षानुवर्षें पत्रें लिहीत राहिले. पत्रांची संख्या शेंकड्यांनीं मोजावी लागते, आणि आज त्यांच्याविषयीं जें कांहीं ठाऊक आहे तें पुष्कळसें त्या पत्रांवरूनच. चारचौघांत अबोल असणारा हा पुरुष आईपाशीं मात्र मन मोकळें करी.

लोझान, मारबुर्ग व पॅरिस येथें त्यांचें वैद्यकीचें शिक्षण झालें. सन १८८६ मध्यें पॅरिसच्या एका इस्पितळांत पिसाळलेल्या जनावराच्या विषानें मेलेल्या रोग्याचें प्रेत तपासतांना त्यांच्या हाताला शस्त्र लागलें. त्या काळीं ही जखम म्हणजे मरणाची चिठ्ठीच. परंतु आदल्याच वर्षीं लुई पाश्चर यांनीं या रोगावरची लस मनुष्यास टोंचून पाहिली होती. पाश्चर यांचे उजवे हात डॉ. एमिल रू यांनीं या तरुणास लस टोंचली आणि थोड्याच दिवसांत त्याला आपल्या प्रयोगशाळेंतहि घेतलें. बोटावरच्या एका जखमेनें एका माणसाच्या आयुष्याचा रोख बदलला.

सन १८८८ त रू आणि यर्सिन या दोघांनीं घटसर्पाच्या जंतूवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. घटसर्प हा लहान मुलांचा काळ. घशांत पांढुरका पडदा धरतो आणि मूल गुदमरतें. पण कोडें असें होतें कीं जंतु घशांतच राहतात आणि बिघाड मात्र हृदयाचा व मज्जातंतूंचा होतो. या दोघांनीं जंतु मांसाच्या रश्शांत वाढविले, तो रस्सा चिनी मातीच्या बारीक गाळणींतून गाळला आणि एकहि जंतु नसलेला तो नितळ द्रव जनावरांस टोंचला. जनावरें घटसर्पाच्याच लक्षणांनीं मेलीं. जंतु विष करतो आणि विष दूरवर जाऊन मारतें, हें अशा रीतीनें सिद्ध झालें. त्यांस आणखी एक गोष्ट दिसली. जंतु जितके अधिक दिवस रश्शांत राहत, तितका तो रस्सा अधिक जहाल होई. असें कां व्हावें, याचा मोठा उलगडा सन १९३६ च्या सुमारास अमेरिकेंत झाला. रश्शांत लोखंड भरपूर असेल तर घटसर्पाचा जंतु विष जवळजवळ करीतच नाहीं. लोखंड संपत आलें म्हणजे तो विष सोडूं लागतो. त्याच्या अंगांत लोखंडाची मोजदाद ठेवणारें एक प्रथिन आहे. लोखंड असेपर्यंत तें विषाचा हुकूम दाबून ठेवतें आणि लोखंड सरतांच तो दाब सुटतो. यर्सिन यांच्या रश्शाच्या भांड्यांत लोखंडाची ही कथा त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होती. ती वाचावयाचें साधन मात्र तेव्हां कोणापाशीं नव्हतें.

इतकें यश पदरीं आल्यावर कोणीहि पॅरिसांत पाय रोवून बसला असता. यर्सिन यांस मात्र समुद्राची ओढ लागली. सन १८९० मध्यें ते एका फ्रेंच आगबोट कंपनींत जहाजावरील डॉक्टर झाले आणि सायगांवहून मनिला व हायफाँग या बंदरांकडे जाऊंयेऊं लागले. गुरुजनांस हें वेडेपण वाटलें असल्यास नवल नाहीं. व्हिएटनामच्या किनाऱ्यावर न्हात्रांग नांवाची कोळ्यांची वस्ती त्यांनीं बोटीवरून पाहिली आणि पुढें तेंच त्यांचें घर झालें. तेथून ते आंतल्या डोंगरांत पायीं, घोड्यावर, हत्तीवरून हिंडले, नकाशे काढले, दरोडेखोरांच्या हातून जखमी होऊन कसेबसे परत आले. सन १८९३ च्या जूनमध्यें ते लांगबियांगच्या थंड पठारावर पोंचले. आज तेथें दालात हें शहर आहे. त्यांची वैद्यकी या भागांत चालूच होती, पण गरिबाकडून फी घेणें त्यांस कधीं साधलें नाहीं. प्राणाच्या भीतीनें आलेल्या माणसापाशीं पैसे मागणें त्यांस वाटमारीसारखें वाटे.

सन १८९४ च्या उन्हाळ्यांत हाँगकाँगांत प्लेग भडकला. त्या एका वर्षांत तेथें सुमारें अडीच हजार माणसें दगावलीं. फ्रेंच सरकारनें यर्सिन यांस तिकडे पाठविलें. ता. १५ जूनला ते पोंचले, तेव्हां जपानचे शिबासाबुरो कितासातो तीन दिवस आधींच येऊन कामास लागले होते. कितासातो म्हणजे जर्मनीचे डॉ. कोख यांचे नामांकित शिष्य, धनुर्वाताच्या जंतूचे अभ्यासक. त्यांच्याबरोबर मदतनीस होते, सामान होतें, आणि तेथील इस्पितळाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याची मर्जीहि होती. यर्सिन यांच्याजवळ एक सूक्ष्मदर्शक आणि दोन नोकर. इंग्रजी बेताचेंच. तपासावयास प्रेतें मागितलीं तर तीं जपानी मंडळींसाठीं राखून ठेविलीं आहेत असें उत्तर मिळे. लंडन मिशनरी सोसायटीचें आलिस मेमोरिअल हॉस्पिटल त्या शहरांत होतें; त्याच्या आवाराजवळ यर्सिन यांनीं बांबू व गवत यांची एक झोपडी उभारली, आणि तीच त्यांची प्रयोगशाळा.

फादर व्हिगानो या इटालियन धर्मोपदेशकानें त्यांस वाट दाखविली. प्रेतें पुरण्याच्या कामावरील खलाशांच्या हातावर कांहीं पैसे ठेवावयाचे आणि प्रेतें स्मशानांत नेण्यापूर्वीं शवागारांत थोडी मिनिटें मागून घ्यावयाचीं. ही लांच होती, आणि ती बरी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दार ज्यांनीं लावून घेतलें होतें त्यांच्याकडेहि बोट दाखवावें लागेल. शवपेटींतील चुन्याखालून यर्सिन यांनीं जांघेंतील गांठ मोकळी केली, कापून घेतली आणि झोपडी गांठली. कांचेवर त्या गांठीचा रस पसरून पाहतात तों जंतूंचा नुसता चिखल! आंखूड, दोन्ही टोंकें गोलसर, रंग दिला असतां टोंकें गडद आणि मध्य फिका. ता. २० जूनचा तो दिवस. कितासातो यांनीं मुख्यतः रक्तावर व आंतल्या इंद्रियांवर भर दिला होता आणि त्यांच्या वर्णनांत दुसऱ्या एखाद्या जंतूची भेसळ झाली असावी असें पुढील विद्वानांचें मत पडलें. प्रथम कोण, हा वाद अनेक वर्षें चालला. आम्हांस त्यांत एक मौज वाटते. यर्सिन यांच्यापाशीं उबपेटी नव्हती, म्हणून त्यांचे जंतु खोलीच्या साध्या उष्णतेंत वाढले. आणि हा जंतु शरीराच्या उष्णतेपेक्षां सुमारें २८ अंशांवरच अधिक जोमानें वाढतो! दारिद्र्यानेंहि कधीं कधीं असा हात द्यावा.

शहरांतील मेलेल्या उंदरांतहि त्यांस तोच जंतु आढळला. बायबलच्या वाचकांस शमुवेलाचें पहिलें पुस्तक येथें आठवेल. त्यांत पलिष्ट्यांस गांठी उठल्या आणि त्यांनीं गांठींच्या व उंदरांच्या सोन्याच्या प्रतिमा अर्पण केल्या, असें वर्णन आहे. तो रोग प्लेगच होता असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं. पण उंदीर आणि गांठ यांची जोडी माणसाच्या नजरेला फार पूर्वींच पडली असावी.

यानंतर पॅरिसांत घोड्यांस जंतु टोंचून त्यांच्या रक्तापासून प्लेगवरचा रस, म्हणजे सीरम, करण्याचा उद्योग झाला, आणि न्हात्रांगलाहि यर्सिन यांनीं प्रयोगशाळा काढली. सन १८९६ च्या जूनमध्यें कँटन येथील कॅथॉलिक मिशनमध्यें धर्मशिक्षण घेणारा अठरा वर्षांचा एक चिनी विद्यार्थी या रसानें वांचला. मग अमॉय येथें तेवीस रोग्यांपैकीं दोनच दगावले. ही आशा घेऊन ते मुंबईस आले. पण येथें हिशेब जुळेना. रस पुरेसा जोरदार नव्हता, साठा अपुरा होता, आणि पुष्कळ रोगी येत ते शेवटच्या घटकेस. डॉ. हाफकिन यांनीं ता. १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःस टोंचून घेतलेली लस रोग होण्यापूर्वींची. यर्सिन यांचें औषध रोग झाल्यावरचें, आणि तेंच काम अधिक बिकट. रोगी मरत राहिले. कांहीं महिन्यांनीं यर्सिन परत गेले आणि त्यांच्या जागीं पॉल-लुई सिमाँ हे आले. उंदरावरील पिसवा प्लेग पसरवितात, हें सिमाँ यांनीं सन १८९८ त कराचीस प्रयोगानें दाखविलें. यर्सिन यांच्या पत्रांतून आणि कामांतून यानंतर प्लेग हळूहळू मागें पडतो. मुंबईनें त्यांस दमविलें, असेंच आम्ही म्हणूं.

पुढचीं सेहेचाळीस वर्षें थोडक्यांत सांगतों, कारण तीं शांतपणें गेलीं. गुरांच्या बुळकांडी रोगावर त्यांनीं काम केलें. सन १८९९ पासून रबराचीं झाडें लावलीं आणि त्या उत्पन्नावर प्रयोगशाळा चालविली. सन १९०२ मध्यें हनोई येथें वैद्यकीय शाळा निघाली, तिचे पहिले प्रमुख तेच. डोंगरावर सिंकोना लावून त्यांनीं कोयनेल तयार करविलें. वादळाचीं चिन्हें ओळखून ते कोळ्यांस सांवध करीत. कोळी त्यांस आपल्या भाषेंत पांचवे काका अशा अर्थाच्या नांवानें हांक मारीत. लग्न केलें नाहीं. सन १९४० च्या मे अखेरीस, जर्मन फौजा पॅरिसांत शिरण्याच्या थोडें आधीं, ते विमानानें तेथून निघाले ते कायमचेच. ता. १ मार्च १९४३ रोजीं न्हात्रांग येथें त्यांचा अंत झाला. सुओईदाऊ येथें त्यांची कबर आहे. फ्रेंचांचें राज्य गेलें, रस्त्यांचीं फ्रेंच नांवें पुसलीं गेलीं. पण यर्सिन यांचें नांव व्हिएटनामी लोकांनीं रस्त्यांवर राहूं दिलें आणि सन २०१४ मध्यें मरणोत्तर आपलें मानद नागरिकत्वहि त्यांस दिलें. जंतूला पूर्वीं पाश्चर यांचें नांव होतें. सन १९४४ त व्हान लोघेम या डच शास्त्रज्ञानें सुचविलेलें यर्सिनिया हें नांव पुढें रूढ झालें.

आतां लोखंडाकडे वळूं. मनुष्याच्या अंगांत सारें मिळून तीन ते चार ग्रॅम लोखंड असतें, म्हणजे एखाद्या लहान खिळ्याइतकें. त्यांतील बहुतेक रक्ताच्या तांबड्या पेशींत प्राणवायु वाहण्याच्या कामीं गुंतलेलें. कांहीं यकृतांत कोठारांत ठेवलेलें. आणि जें थोडें रक्तांतून इकडून तिकडे जातें तेंहि मोकळें फिरत नाहीं. ट्रान्सफेरिन नांवाचें प्रथिन त्याला घट्ट पकडून नेतें. अश्रूंत, लाळेंत व आईच्या दुधांत लॅक्टोफेरिन हें त्याचेंच भावंड आहे. जंतूलाहि श्वसनासाठीं व वाढीसाठीं लोखंड लागतेंच. बहुतेक रोगजंतूंचें त्यावांचून चालत नाहीं. तेव्हां आमचें शरीर हें भरल्या कोठारांचें पण साऱ्या दारांना कुलपें लावलेलें घर आहे. ताप येतांच यकृत हेप्सिडिन नांवाचा संदेश सोडतें, आंतड्यांतून व पेशींतून लोखंड रक्तांत येणें कमी होतें आणि कुलपें आणखी आवळलीं जातात. अंड्याच्या पांढऱ्या बलकांतहि असेंच कुलूप आहे. सन १९४४ मध्यें शेड व कॅरोलाइन या अमेरिकन संशोधकांनीं कच्च्या बलकांत रक्तीहगवणीच्या जातीचे जंतु वाढत नाहींत हें पाहिलें, नाना पदार्थ घालून पाहिले, आणि केवळ लोखंड घातल्यावरच जंतु वाढूं लागले. दोन वर्षांनीं त्यांनींच मनुष्याच्या रक्तांतहि लोखंड धरणारा भाग असल्याचें दाखविलें.

प्लेगचा जंतु हें कुलूप कसें उघडतो? तो एक लहानसा रासायनिक आंकडा तयार करून बाहेर सोडतो. या जातीच्या द्रव्यांस सिडरोफोर, म्हणजे लोहवाहक, म्हणतात. आणि प्लेगच्या जंतूच्या लोहवाहकाला यर्सिन यांच्याच नांवावरून यर्सिनियाबॅक्टिन असें नांव पडलें आहे. ट्रान्सफेरिनच्या मुठींतून तो लोखंड ओढून घेतो. जंतूच्या बाहेरील आवरणावर त्या आंकड्याच्या मापाचीच एक खिडकी असते. भरलेला आंकडा तेथें येऊन लागतो आणि लोखंड आंत जातें. शरीरहि स्वस्थ बसत नाहीं. पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन नांवाचें प्रथिन सोडतात, तें पुष्कळ जंतूंचे लोहवाहक वाटेंतच झडप घालून धरतें. परंतु यर्सिनियाबॅक्टिनचा आकार त्याच्या मुठींत बसत नाहीं. चोराच्या किल्लीचा सांचाच निराळा! हीच किल्ली बनविण्याची कला इतर कांहीं जंतूंनीं, आंतड्यांतील एशेरिकियाच्या कांहीं जहाल जातींनींसुद्धां, मिळविलेली आहे.

ही किल्ली काढून घेतली तर काय होतें? सन १९५६ मध्यें जॅक्सन व बरोज या इंग्लिश शास्त्रज्ञांनीं प्लेगच्या कांहीं निरुपद्रवी झालेल्या जंतूंवर प्रयोग केले. नेहमींचे जंतु रक्तांतील लोहयुक्त रंगद्रव्य शोषून काळपट दिसत. हे फिकेच राहत, आणि उंदरांस मारीत नसत. परंतु त्याच उंदरांस लोखंडाचें टोंचण दिलें कीं तेच गरीब जंतु पुन्हां मारेकरी होत. मादागास्करांत सन १९२६ मध्यें मिळविलेल्या एका जंतूपासून जिवंत लस तयार झाली आणि लाखों लोकांस ती टोंचली गेली. तोहि जंतु निरुपद्रवी होण्याचें मोठें कारण, त्याच्यांतील लोखंड मिळविण्याच्या कलेचा भागच गळून गेला होता, हें मागाहून कळलें. प्रयोगशाळांतून असे दुबळे जंतु निर्धास्तपणें हाताळले जात.

सन २००९ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत शिकागो येथें अशाच दुबळ्या जंतूवर काम करणारे एक शास्त्रज्ञ तापानें आजारी पडले आणि इस्पितळांत पोंचल्यावर थोड्याच तासांत वारले. रक्तांत प्लेगचा तोच जंतु निघाला, ज्यानें कोणास मारूं नये. तपास झाला. त्यांस हिमोक्रोमॅटोसिस नांवाचा आनुवंशिक विकार होता. या विकारांत शरीरांत लोखंड गरजेपेक्षां फार सांचतें. त्यांस स्वतःसहि तो ठाऊक नव्हता. ज्या जंतूला किल्ली नव्हती, त्याला येथें दारेंच उघडीं मिळालीं असावींत, असा तपासणाऱ्यांचा तर्क आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं थॅलेसेमियाचें मूल आहे त्यांस अशा गोष्टींची थोडी ओळख असेल. वारंवार रक्त दिल्यानें त्या मुलांच्या अंगांत लोखंड सांचतें. तें काढण्यासाठीं डेस्फेरिऑक्सामिन हें औषध देतात, आणि तें औषध मुळांत एका मातींतील जंतूचा लोहवाहकच आहे. यर्सिनियाच्या कुळांतील एक दुसरा जंतु त्या औषधानें आणलेलें लोखंड पळवूं शकतो. म्हणून अशा मुलास ताप व पोटदुखी झाली कीं डॉक्टर त्वरित लक्ष घालतात, आणि तें औषध कांहीं काळ थांबवितात.

प्लेग आज वेळेवर ओळखला तर प्रतिजैविक औषधांनीं बरा होतो. मादागास्कर व काँगो येथें त्याच्या सांथी अजून उठतात. न्हात्रांग येथें यर्सिन यांनीं काढलेल्या संस्थेंत लशी व जंतु यांचें काम अद्याप चालतें, आणि तिच्याच आवारांत एका संग्रहालयांत त्यांचीं यंत्रें, पुस्तकें व पत्रें जपून ठेविलीं आहेत.